जुने दिवाळी अंक संकेतस्थळावर लावताना

आमचं मासिक कराडहून निघतं. दिवाळी अंक हा त्याचा वर्षातला सगळ्यात मोठा उद्योग. संपादनाबरोबर साइटचं कामही माझ्याकडेच आहे. साइट वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीवर. जुने अंक टाइप करून चढवायला सुरुवात झाली आणि काही महिन्यांतच एक गोष्ट लक्षात यायला लागली: लेख साइटवर होते, पण वाचकाला ते सापडत नव्हते. फोन यायचे ते असे, "अडुसष्टच्या दिवाळी अंकात कोयनेवर एक लेख होता, तो तुमच्याकडे आहे का?" लेख असायचा, दोन महिन्यांपूर्वीच चढवलेला असायचा. पण 'अडुसष्टचा दिवाळी अंक' अशी काही वस्तू साइटवर अस्तित्वातच नव्हती.

वर्डप्रेस स्वतःहून जे संग्रह तयार करून देतं ते चार प्रकारचे: कॅटेगरीचा, टॅगचा, लेखकाचा आणि तारखेचा. बातम्यांच्या साइटला किंवा रोजनिशीसारख्या लेखनाला ते पुरतात. नियतकालिकाच्या जुन्या अंकांना नाहीत, आणि त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं काम नीट होत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

तारखेचा संग्रह आधी घेऊ. वर्डप्रेसला ठाऊक असलेली तारीख म्हणजे लेख साइटवर प्रसिद्ध झाल्याची. १९६८ चा लेख आज चढवला की तो आजच्या महिन्यात जाऊन बसतो. नव्या अंकांचंही हेच. लक्ष्मीपूजन २०१४ मध्ये २३ ऑक्टोबरला होतं, २०१७ मध्ये १९ ऑक्टोबरला, २०१८ मध्ये ७ नोव्हेंबरला आणि २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला. अंकातलं साहित्य आम्ही दिवाळीच्या आगेमागे एकेक करून साइटवर टाकायचो, त्यामुळे एकाच अंकाचे अर्धे लेख ऑक्टोबरच्या यादीत आणि अर्धे नोव्हेंबरच्या. त्यातच नोव्हेंबरचा नेहमीचा अंक मिसळलेला. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक 'अमक्या सालचा दिवाळी अंक' असंच म्हणत आलाय. महिना कुणी विचारत नाही.

लेखकाचा संग्रह तर त्याहून निरुपयोगी. वर्डप्रेसच्या लेखी लेखक म्हणजे साइटवर खातं असलेला माणूस. आमचे जुने अंक कॉलेजच्या दोन मुलींनी टाइप केले, म्हणून पन्नास वर्षांतल्या सगळ्या कवींची आणि कथाकारांची नावं बाजूला पडून 'लेखक' म्हणून त्या दोघींची पानं तयार झाली होती.

आमच्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल काका अंकांच्या बांधीव फायली जपतात. त्यांना मी १९६८ ची कॅटेगरी करून दाखवली. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "अगं, हा अंक उलटा का लावलाय? शेवटच्या पानावरचं राशिभविष्य सगळ्यात वर आणि संपादकीय सगळ्यात खाली."

"काका, जे शेवटी चढवलं ते वर येतं."

"मग ही अंकाची अनुक्रमणिका नव्हे, तुमच्या टायपिंगची झाली."

काकांच्या त्या बोलण्याने कामाची दिशा ठरली. साइटवरचा अंक छापील अंकासारखा लागला पाहिजे: त्याच क्रमाने, त्याच विभागांत, आणि पान क्रमांकासकट.

सुरुवात टॅक्सॉनॉमीपासून, म्हणजे लेखांच्या वर्गवारीपासून केली. कॅटेगरी आणि टॅग या वर्डप्रेसच्या दोन तयार टॅक्सॉनॉमी. त्यांच्या जोडीला आपली स्वतःची करता येते. आम्ही तीन केल्या: अंक, लेखक आणि साहित्यप्रकार. कॅटेगरीतच 'दिवाळी १९६८' असं घुसवून भागलं असतं असं काही जणांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. कॅटेगरीत 'कविता'ही आहे आणि 'दिवाळी १९६८'ही, असं झालं की यादी करताना कुठली नोंद अंकाची आणि कुठली प्रकाराची हे यंत्राला कळायचा मार्ग राहत नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या कप्प्यांत हवीत.

हे सगळं थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या, फाइलमध्ये न लिहिता एका छोट्या प्लगइनमध्ये, म्हणजे वेगळ्या जोड-प्रोग्राममध्ये, लिहिलं. कारण साधं आहे: उद्या थीम बदलली तर साइटचं रूप बदलावं, अंक नाहीसे होऊ नयेत. नवी टॅक्सॉनॉमी नोंदवल्यावर लगेच तिचं पान उघडून पाहिलं तर 'सापडलं नाही' असं येतं. तेव्हा घाबरायचं नाही. सेटिंग्जमध्ये परमालिंकच्या, म्हणजे लेखांच्या कायम पत्त्यांच्या, पानावर जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबायचं. पत्त्यांचे नियम वर्डप्रेस साठवून ठेवतं आणि या एका क्लिकने ते नव्याने लिहिले जातात. हीच गोष्ट कोडमधून प्रत्येक वेळी करवणारे नमुने नेटवर सापडतात, ते घेऊ नयेत. दर पान उघडताना सगळे नियम नव्याने लिहिणं हे सर्व्हरला फुकटचं ओझं आहे.

आता क्रम. संग्रहाच्या पानावर कोणते लेख आणि कोणत्या क्रमाने यावेत हे बदलायची योग्य जागा म्हणजे 'प्री गेट पोस्ट्स' हा हुक, म्हणजे आपला कोड अडकवायची खुंटी. वर्डप्रेस डेटाबेसकडे लेख मागायला निघतं, त्याच्या जरा आधी तो आपल्याला थांबवून विचारतो. तिथे आपण सांगायचं: हे अंकाचं पान असेल, मुख्य मागणी असेल आणि ॲडमिनचा भाग नसेल, तर लेख पान क्रमांकाने चढत्या क्रमाने दे आणि सगळे एकदम दे. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्याच्या फाइलमध्ये, वेगळी मागणी लिहूनही यादी दिसते, पण मग पानं पाडणारा भाग मूळ मागणीवरच हिशेब करत राहतो. दुसऱ्या पानाचा दुवा दिसतो आणि दाबला की 'सापडलं नाही'. आम्ही अंकाची पानंच पाडली नाहीत. दिवाळी अंक कितीही जाड असला तरी त्याची अनुक्रमणिका एका नजरेत दिसावी, हे मला अगत्याचं वाटतं.

पान क्रमांकासाठी प्रत्येक लेखाला एक कस्टम फील्ड, म्हणजे जादा माहितीचा रकाना, दिलं. इथे तीन गोष्टी शिकण्यासारख्या निघाल्या आणि तिन्ही मराठी साइट चालवणाऱ्या कुणालाही भेटतील अशा आहेत.

पहिली: क्रम लावताना 'मेटा व्हॅल्यू' म्हटलं तर वर्डप्रेस आकड्यांची तुलना अक्षरांसारखी करतं. मग पान ११२ हे पान १७ च्या आधी येतं, कारण दुसऱ्या जागी १ हा ७ च्या आधी आहे. 'मेटा व्हॅल्यू नम' म्हटलं की खरी संख्या म्हणून तुलना होते.

दुसरी: तरीही काही लेख अंकाच्या डोक्यावर येऊन बसले होते, आपापसात कसल्याच क्रमाशिवाय. फील्डमध्ये पाहिलं तर पान क्रमांक बरोबर होते. बराच वेळ पाहिल्यावर फरक दिसला: ते आकडे देवनागरीत होते. टाइप करणाऱ्या मुलीने कीबोर्ड मराठीवर ठेवूनच १७ लिहिलं होतं, आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसला, म्हणजे मायएसक्यूएलला, देवनागरी आकडे हे आकडे म्हणून कळत नाहीत. त्यांची संख्या करायला सांगितलं की उत्तर शून्य. देवनागरीत लिहू नका असं सांगणं मला बरोबर वाटेना, मराठी मासिकात मराठी आकडे येणारच. म्हणून लेख साठवताना फील्डमधले देवनागरी आकडे आतल्या आत बदलून ठेवायचे आणि वाचकाला दाखवताना पुन्हा देवनागरीत दाखवायचे, अशी सोय केली. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही मराठीच दिसतं.

तिसरी गोष्ट जास्त धोक्याची. क्रम लावायला एखादं फील्ड सांगितलं की ज्या लेखाला ते फील्डच नाही तो लेख यादीतून गायब होतो. शेवटी जात नाही, गायब होतो. कुठलीही सूचना येत नाही. आम्हाला हे छापील अनुक्रमणिका समोर धरून ओळ न् ओळ ताडून पाहिल्यामुळे कळलं: मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूची एक कविता यादीत नव्हती. तिला छापील पान क्रमांक नव्हता, त्यामुळे तिच्यासाठी ते फील्ड लिहिलंच गेलं नव्हतं. फील्ड असलेले आणि नसलेले दोन्ही लेख मागवता येतात, पण आम्ही तो मार्ग धरला नाही. पान क्रमांक लिहिल्याशिवाय लेख प्रसिद्धच होणार नाही असं बंधन घातलं, आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शून्य द्यायचं ठरवलं.

पानाचं रूप ठरवणं त्यामानाने सुखाचं काम होतं. वर्डप्रेस टेम्प्लेट शोधताना नेमक्याकडून ढोबळाकडे जातं: आधी त्या टॅक्सॉनॉमीतल्या त्या विशिष्ट नोंदीची फाइल, नसेल तर त्या टॅक्सॉनॉमीची, नसेल तर सर्वसाधारण टॅक्सॉनॉमीची, मग 'आर्काइव्ह' नावाची आणि काहीच नसेल तर 'इंडेक्स'. आम्ही फक्त अंक आणि लेखक यांच्यासाठी वेगळ्या फाइली केल्या, बाकी थीमवर सोडलं. अंकाच्या पानावर वर मुखपृष्ठ, संपादकाचं नाव आणि किंमत. खाली विभागवार अनुक्रमणिका, उजवीकडे पान क्रमांक. मुखपृष्ठ प्रत्येक अंकाच्या नोंदीला फील्ड म्हणून जोडलं. शीर्षकाच्या आधी थीम 'संग्रह:' असा शब्द चिकटवत होती, तो फिल्टर (वर्डप्रेसचं उत्तर बदलायची सोय) लावून काढला. अंकाचं नाव स्वतःच पुरेसं आहे.

एक बारीक गोष्ट वाचकांच्या आधी आपण पाहून ठेवावी. टॅक्सॉनॉमीच्या प्रत्येक नोंदीला पान मिळतं, पण टॅक्सॉनॉमीला स्वतःला मिळत नाही. म्हणजे 'अंक' आणि मग 'दिवाळी १९६८' असा पत्ता चालतो, पण वाचकाने शेवटचा भाग खोडून नुसतं 'अंक'वर एंटर दाबलं की काहीच नाही. असं पत्ता खोडून वर जाणारे वाचक असतात, विशेषतः संशोधक. त्याच स्लगचं, म्हणजे पत्त्यातल्या त्याच शब्दाचं, एक साधं पान तयार केलं आणि त्यावर सगळ्या अंकांची मुखपृष्ठं वर्षांप्रमाणे मांडली. दोघांचं भांडण होत नाही. आज साइटवर सगळ्यात जास्त पाहिलं जाणारं पान तेच आहे.

आता पत्त्यांकडे येते. सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागला.

आमचे जुने पत्ते होते वर्ष, महिना, दिवस आणि मग मराठी शीर्षक. शीर्षकाचा स्लग वर्डप्रेस आपोआप करतं आणि तो देवनागरीत दिसतो. मला स्वतःला देवनागरी पत्ता मनापासून आवडतो. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आपली भाषा दिसते याचा आनंद खोटा नाही. पण आमच्या लेखांचे पत्ते पाहायला लागले तेव्हा एक विचित्र प्रकार दिसला. 'कोयनेच्या भूकंपानंतरची पहिली दिवाळी' या लेखाचा पत्ता 'कोयनेच्या-भूकंपानंतरची-प' इथेच तुटला होता.

ते का, हे गणिताने कळतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, ही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, वेगळी मोजली जाते. अशी एक खूण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेते. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात: टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरं. म्हणजे एका खुणेची नऊ. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये स्लगचा रकाना २०० अक्षरांचा आहे. 'कोयनेच्या' या शब्दात नऊ खुणा, 'भूकंपानंतरची' यात बारा, मिळून एकवीस. त्यात 'पहिली'मधला 'प' धरला की बावीस. बावीस नवे एकशे अठ्ठ्याण्णव, दोन जोडरेघा, झाले २००. पुढच्या 'हि'ला जागाच नाही. इंग्रजी शीर्षकाला ज्या रकान्यात २०० अक्षरं मिळतात, त्यात मराठीला बावीस खुणा मिळतात.

एकट्यादुकट्या लेखाचा शेंडा तुटला तर फार बिघडत नाही. लेखमालेचं काय होतं ते पाहा. 'सह्याद्रीच्या घाटवाटा : भाग १', 'भाग २' अशी शीर्षकं असतील तर सगळ्यांचा पत्ता 'भाग'मधल्या 'भ'वर तुटतो आणि सगळे पत्ते एकसारखे होतात. दोन लेखांना एकच स्लग चालत नाही, म्हणून वर्डप्रेस दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ असे आकडे जोडतं. हे आकडे चढवण्याच्या क्रमाने लागतात, भागाच्या क्रमाने नाही. आमच्याकडे पहिल्या भागानंतर पाचवा भाग टाइप झाला होता, त्यामुळे पत्त्यात २ असलेला लेख उघडला की भाग ५ निघायचा.

आणि पत्ता पुढे पाठवला की त्याचं काय होतं हे सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पाहिलंय. टक्क्यांची आणि आकड्यांची तीन-चार ओळींची रांग. आमच्या एका ज्येष्ठ वाचकाने तो दुवा व्हायरस समजून पुसून टाकला होता, मला म्हणाले, "ताई, तुमचा मोबाइल हॅक झालाय का?" छापील अंकात असा पत्ता देणं तर शक्यच नाही.

मग रोमन लिपीत लिहायचं म्हटलं तर कसं? 'भूकंपानंतरची' रोमनमध्ये चार माणसं चार तऱ्हांनी लिहितील. छापील अंकात पत्ता वाचून टाइप करणारा माणूस पाचव्या तऱ्हेने. शीर्षकाचं रोमन रूप हा टिकाऊ पत्ता नाही, हे माझं ठाम मत झालं.

तेव्हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. या लेखाचा उल्लेख अभ्यासक कसा करतो? मासिकाचं नाव, दिवाळी १९६८, पृष्ठ ४३. हा उल्लेख प्रबंधांच्या तळटिपांत आधीच छापला गेलाय आणि तो कधीच बदलणार नाही. पत्त्यासाठी याहून पक्कं काय असणार? म्हणून पत्ता ठरला: 'लेख', तिरकी रेघ, 'दिवाळी-१९६८-पान-४३', हे रोमन लिपीत. दोन सोपे शब्द आणि दोन संख्या. शीर्षक मराठीत पानावर आहेच, शोधात येतं, वाटलेल्या दुव्याच्या खाली दिसतं. पत्त्याने फक्त ओळख द्यावी आणि ती कायमची द्यावी.

आधी माझ्या मनात घरातलं घर अशी रचना होती: अंक, त्याच्या आत दिवाळी-१९६८, त्याच्या आत पान-४३. दिसायला ती जास्त देखणी. ती सोडण्याची कारणं दोन. एक म्हणजे एका प्रकारच्या सगळ्या लेखांमध्ये स्लग एकमेव लागतो. १९६८ च्या अंकात 'पान-४३' दिला की १९६९ च्या पान ४३ ला वर्डप्रेस मागे २ जोडणार. नुसता '४३' ठेवला तर आणखी पंचाईत, कारण पत्त्याच्या शेवटचा सुटा आकडा वर्डप्रेस 'लेखाचं त्रेचाळिसावं पान' असा वाचतं. ही बंधनं कोडने वाकवता येतात. पण पत्त्यांसारखी पन्नास वर्षं टिकावी अशी गोष्ट चार-पाच युक्त्यांवर उभी करू नये. उद्या साइट दुसऱ्या प्रणालीवर गेली तर सपाट पत्ता कुठेही नेता येईल. दुसरं कारण असं की काही लेख पुढे विशेषांकात पुन्हा छापले गेलेत. त्यांना दोन अंक जोडता येतात, पण पत्ता पहिल्या छपाईचाच राहतो.

परमालिंकच्या सेटिंगमध्ये सुरुवातीला 'लेख' हा शब्द घातल्यावर एक आश्चर्य वाट पाहत होतं: अंकांचे आणि लेखकांचे पत्तेही 'लेख/अंक/…' असे झाले. सुरुवातीचा शब्द टॅक्सॉनॉमीलाही लागू होतो. टॅक्सॉनॉमी नोंदवताना 'विथ फ्रंट' या पर्यायाला नकार दिला की सुटतं.

यानंतर पत्त्यांची चाचणी घेताना जे दिसलं ते मला सगळ्यात गंभीर वाटलं. पान ४ वर लेख नाही, तिथे जाहिरात आहे. मुद्दाम पान ४ चा पत्ता टाकला. 'सापडलं नाही' यायला हवं होतं, पण समोर पान ४३ वरचा लेख उघडला. वर्डप्रेसला पत्ता सापडला नाही की ते अंदाज बांधतं: दिलेल्या स्लगने सुरू होणारा दुसरा एखादा स्लग आहे का पाहतं आणि सरळ तिथे पाठवून देतं. 'पान-४' ने 'पान-४३' सुरू होतो. नेहमीच्या साइटवर ही सोय चांगली आहे, अर्धवट चिकटवलेला दुवाही चालतो. आमच्याकडे तो संदर्भाचा खोटेपणा ठरला असता. तळटिपेतला पान क्रमांक चुकलेला असेल तर वाचकाला तो चुकलाय हे कळलं पाहिजे, भलताच लेख मिळता कामा नये. हा अंदाज बंद करायला वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीपासून स्वतंत्र फिल्टर आहे. तो लावला आणि 'सापडलं नाही'च्या पानावर त्या अंकाची अनुक्रमणिका दाखवली.

जुन्या पत्त्यांचं काय, हा प्रश्न उरला. ते विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीत होते, वाचकांच्या फेसबुकवर होते, व्हॉट्सॲपच्या जुन्या संदेशांत होते. एकही मरता कामा नये अशी माझी अट होती. रचना बदलण्याआधी प्रत्येक लेखाचा त्या दिवशीचा पूर्ण पत्ता काढून तो त्याच लेखाच्या एका फील्डमध्ये 'जुना पत्ता' म्हणून ठेवला. नंतर प्लगइनमध्ये एवढंच लिहिलं की आलेला पत्ता सापडला नाही तर त्याची टक्केवाली रूपं उलगडून देवनागरीत आण, 'जुना पत्ता' या फील्डमध्ये शोध, आणि मिळाला तर लेखाच्या आजच्या पत्त्यावर कायमचा पाठव. आधी उलगडणं महत्त्वाचं, कारण वर्डप्रेस टक्क्यापुढची अक्षरं छोट्या लिपीत साठवतं आणि ब्राउझर मोठ्या लिपीत पाठवतात. वाचणाऱ्याला सारखेच दिसणारे हे पत्ते तुलनेत वेगळे ठरतात. शिवाय पुढे पत्ता पुन्हा बदलला तरी जुना दुवा एका उडीतच नव्या जागी जातो, कारण तो पत्त्याला बांधलेला नसून लेखाला बांधलेला आहे.

चाचणी होईपर्यंत हे रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) ३०२ म्हणजे तात्पुरते ठेवले. ३०१ म्हणजे कायमचं दिलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि नियम दुरुस्त केला तरी जुन्याच ठिकाणी जात राहतो. सगळे पत्ते तपासून झाल्यावरच ३०१ केलं. ही सगळी उलथापालथ साइटच्या प्रतीवर आधी करून पाहिली हे वेगळं सांगायला नको.

लेखकांच्या सूचीबद्दल सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. सूची पहिल्यांदा समोर आली तेव्हा वऱ्हाडपांडे हे आडनाव लागोपाठ दोनदा दिसलं, नावासकट तंतोतंत सारखं. एकाखाली बरेच लेख, दुसऱ्याखाली एकच. हा फरक डोळ्यांना कधीच दिसणार नाही. 'ऱ्ह' दोन रीतींनी टाइप होतो: नुक्त्याचा 'ऱ', पाय मोडल्याची खूण आणि 'ह', किंवा साधा 'र', पाय मोडल्याची खूण, एक अदृश्य जोडखूण आणि 'ह'. पडद्यावर दोन्ही एकसारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावं. कऱ्हाड, गोऱ्हे, दुसऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडे हाच घोळ होऊ शकतो. युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरणही या दोघांना एक करत नाही, म्हणून नाव साठवण्याआधी दुसरी रीत पहिलीत बदलणारी ओळ हाताने लिहावी लागली. ज्यांच्याकडे मराठी नावांचे टॅग आहेत त्यांनी आपली यादी एकदा तपासून पाहावी.

क्रमही आपला नव्हता. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल'च्या शेजारी आहे आणि 'क्ष' हा 'क'खाली मोडतो, म्हणून क्षीरसागर 'क'मध्ये जाऊन बसले. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ हे शेवटी. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या 'इंटल' विस्तारात मराठीचा क्रम तयार आहे, तो वापरून आडनावांची यादी लावली. वर्डप्रेस नावाच्या पहिल्या अक्षराने क्रम लावतं, म्हणून प्रत्येक लेखकाला 'आडनाव आधी' असं वेगळं फील्ड द्यावं लागलं. हे काम काकांनी केलं. आद्याक्षरांमागची पूर्ण नावं त्यांना तोंडपाठ होती, आणि एकाच टोपणनावाने लिहिणाऱ्या दोन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्या दोन व्यक्तींची पानं आता वेगळी आहेत.

नव्या छापील अंकात आता अनुक्रमणिकेच्या पानावर एकच ओळ छापतो: साइटचा पत्ता, अंकाचं साल, आणि 'शेवटी पान क्रमांक लिहा'. प्रत्येक लेखाखाली वेगळा दुवा द्यावा लागत नाही. जुन्या अंकांमधल्या रंगीत चित्रांचा प्रश्न मात्र अजून चालू आहे. ती वेगळ्या जाड कागदावर छापून मध्येच शिवलेली असायची, त्यांना पान क्रमांक नाही. सध्या आधीच्या पानाचा आकडा घेऊन पुढे क, ख असं लावतोय. १९७१ च्या अंकात ती चित्रं वेगवेगळ्या प्रतींत वेगवेगळ्या जागी शिवली गेली आहेत, त्यामुळे कुठली प्रत प्रमाण मानायची हे काका दोन वाचनालयांतल्या फायली पाहून सांगणार आहेत. तोवर ती चित्रं चढवलेली नाहीत.